आय-९५ वरची इंटरचेंजेस: नेमकी लेन तुम्ही कशी धरता?

सुमेधा_नाशिक

नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपूर्वी आम्ही नाशिकहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. लायसन्स मिळून पाच महिने झाले. गेल्या महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये मला काम मिळालं. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सातला हजर. ट्रेन आणि सबवेने सातला पोचायचं तर मध्यरात्रीच उठावं लागेल, म्हणून गाडी.

नकाशात बघितलं तर सोपं आहे. एडिसनला टोलच्या टर्नपाईकवर चढायचं, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज ओलांडायचा, की क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे. बहुतेक सगळा आय-९५ च, म्हणजे इंटरस्टेट महामार्ग ९५. पण या एका रस्त्यावर मला पाच वेळा ठरवावं लागतं. चढल्या चढल्या 'कार्स ओन्ली' की 'कार्स-ट्रक्स-बसेस'? पुढे टर्नपाईक दुभंगतो, तिथे ईस्टर्न स्पर की वेस्टर्न? मग लोकल लेन की एक्सप्रेस लेन? पुलाचा वरचा मजला की खालचा? आणि पूल संपतो न संपतो तोच मॅनहॅटनच्या पोटातून जाताना एकामागून एक फाटे.

मंगळवारी त्या शेवटच्या टप्प्यात चुकले. मी होते ती लेनच बाहेर पडणारी निघाली. पाटी दिसली तेव्हा डावीकडे अठरा चाकी ट्रक, त्यामागे दुसरा. आत शिरायला जागाच नव्हती. हार्लेम रिव्हर ड्राईव्हवर फेकले गेले आणि दक्षिणेकडे निघाले. डाव्या हाताला नदी, नदीपलीकडे ब्राँक्स दिसतोय, आणि मी त्याच्यापासून लांब लांब चाललेय! दोन-तीन मैलांनी बाहेर पडून, गल्ल्यांमधून फिरून पोचले तेव्हा सात पन्नास झाले होते. कुणी रागावलं नाही, पण दहा मिनिटं पिपेट हातात धरता येत नव्हती, इतके हात थरथरत होते.

दोन प्रश्न आहेत. हे सगळं तुम्ही लक्षात कसं ठेवता? आणि असे गोंधळाचे रस्ते मुळात बांधतात तरी का?

ओढ्याकाठी

एक्झिट चुकला तर चुकू दे. थांबू नकोस, रिव्हर्स घेऊ नकोस, पट्टे ओलांडून शेवटच्या क्षणी आत घुसू नकोस. तू पुढे निघून गेलीस ते अगदी बरोबर केलंस. उशीर झाला, पण घरी परत आलीस ना.

स्वाती_आत्या

अगं सुमेधा, हात थरथरतात ते थांबतात. मी एक्केचाळिसाव्या वर्षी अटलांटात गाडी शिकले. आमच्याकडे ८५ आणि २८५ जिथे भेटतात त्याला स्पॅगेटी जंक्शन म्हणतात. खरं नाव टॉम मोरलँड इंटरचेंज, १९८७ साली पुरं झालं. एकावर एक पूल, खालून वर बघितलं की आकाशाचे तुकडे दिसतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा वरून बघून म्हणाल्या, "ही तर वाळत घातलेली कुरडई." तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव कुरडई. "कुरडईपाशी पोचले, वीस मिनिटांत येते," असे फोन होतात.

पहिले दोन महिने मी एकच केलं. जो रस्ता रोज लागणार तोच, त्याच वेळी, त्याच लेनमधून. नवीन काही नाही. जवळचा मार्ग कुणी सुचवला तरी नाही. रस्ता अंगवळणी पडेपर्यंत मोह टाळायचा.

जर्सीकर_१९९८

सुमेधा, मीही एडिसनलाच आहे, सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. पाचातले दोन निर्णय मी आत्ताच तुझ्या डोक्यावरून उतरवतो.

पहिला: 'कार्स ओन्ली' घे. बाहेरच्या बाजूनेही कार जातात आणि दोन्हींकडून सगळे एक्झिट मिळतात, त्यामुळे तिथे चूक अशी होतच नाही. आतल्या बाजूला ट्रक नसल्याने समोरच्या पाट्या दिसतात, एवढाच फरक. नवशिक्याला तो खूप मोठा.

दुसरा: ईस्टर्न आणि वेस्टर्न स्पर पुढे पुन्हा एकत्र येतात. कुठल्याही स्परने गेलीस तरी पुलापाशीच पोचणार. पाटीवर ज्या बाजूला गर्दी कमी लिहिलेली असेल ती घे, नाहीतर रोज एकच घे.

तिसरं, पुलाचा खालचा मजला. २००१ च्या सप्टेंबरनंतर तिथे ट्रकना बंदी आहे. वरचा मजला १९३१ चा, खालचा १९६२ चा, मिळून चौदा लेन. ट्रकवाल्यांना वरूनच जावं लागतं, तुला नाही.

राहिले लोकल-एक्सप्रेस आणि मॅनहॅटनमधले फाटे. ते समोरासमोर बसूनच सांगायला हवेत.

रस्तेवाला

मी व्हर्जिनियात वाहतूक अभियंता आहे. 'का बांधतात' यावर कुणी बोललं नाही, म्हणून थोडं लिहितो.

सुमेधा, तू ज्या गावात राहतेस त्याच्या शेजारी वुडब्रिजला १९२९ साली अमेरिकेतलं पहिलं क्लोव्हरलीफ बांधलं गेलं. चार पाकळ्यांचं, अगदी रांगोळीतल्या फुलासारखं. त्याचं पेटंट आर्थर हेल नावाच्या माणसाने १९१६ मध्येच घेतलं होतं. त्या काळात ती कमाल होती: दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, एकही सिग्नल नाही, आणि डावीकडे वळायचं असलं तरी उजवीकडून गोल फिरून वळता येतं.

दोष वेग वाढल्यावर दिसला. एका पाकळीतून गाड्या हायवेवर येतात आणि लगेच पुढच्या पाकळीतून गाड्या बाहेर पडतात. येणारे आणि जाणारे एकाच लेनमध्ये, दोन-तीनशे फुटांत एकमेकांना कापतात. आम्ही याला वीव्हिंग म्हणतो. मागावर धागे जसे एकमेकांखालून-वरून जातात तसं, फक्त इथे प्रत्येक धागा साठ मैलांच्या वेगाने निघालेला. गर्दीचं मूळ बऱ्याचदा गाड्यांच्या संख्येत नसतं, या कापाकापीत असतं. एकजण ब्रेक दाबतो, मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त.

जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या, सगळ्यांना एकच सूचना: समान वेगाने चालवा. ना फाटा, ना सिग्नल, ना अपघात. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली आणि ती कोंडी लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली.

आता तुझ्या रस्त्याबद्दल. पूल संपल्यापासून हार्लेम नदी ओलांडेपर्यंत अंतर जेमतेम मैलभर आहे. तेवढ्यात दोन मजल्यांची वाहतूक, दोन नद्यांकाठचे दोन रस्ते आणि वरच्या गल्ल्या, सगळ्यांची देवाणघेवाण. जागा नाही, डोक्यावर इमारती. हे साठच्या दशकातलं काम आहे. तू चुकलीस त्यात नवल नाही.

बे_एरियातला_बाळू

आमच्याकडे बर्कलीला या. एकाच रस्त्यावर, एकाच बाजूला, एकाच खांबावर पाटी: '८० ईस्ट' आणि '५८० वेस्ट'. गाडीतलं होकायंत्र म्हणतं उत्तर. तिन्ही खरं आहे!

मुलाला गाडी शिकवताना त्याने विचारलं, "बाबा, आपण नक्की कुठे चाललोय?" मी म्हटलं, "रिचमंडच्या कुलकर्णी काकूंकडे, तू गावाचं नाव वाच, दिशा वाचू नकोस."

सुमेधा_नाशिक

बाळू :) हे वाचून घरात सगळे हसले.

काका, तुमची पहिली दोन उत्तरं वाचूनच अर्धा भार उतरला. दोन्ही स्पर पुन्हा भेटतात हे मला माहीत नव्हतं. महिनाभर दर वेळी तिथे पोटात गोळा यायचा.

रस्तेवाला, खूप धन्यवाद. पण ८० ईस्ट आणि ५८० वेस्ट एकत्र असतील तर मग या आकड्यांना काही अर्थ आहे की नाही?

रस्तेवाला

आहे, आणि एकदा कळला की उपयोगी पडतो. विषम आकडा दक्षिणोत्तर, सम आकडा पूर्व-पश्चिम. आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातात. म्हणून ५ कॅलिफोर्नियात, ९५ तुमच्याकडे. १० खाली टेक्सास-फ्लोरिडात, ९० वर बोस्टनला. तीन आकडी असेल आणि पहिला आकडा सम असेल तर बहुधा वळसा घालून मूळ रस्त्याला परत मिळतो, जसा अटलांटाचा २८५. विषम असेल तर बहुधा नुसता फाटा. १९५६ चा कायदा झाला, आयझेनहॉवर यांनी सही केली, त्यानंतरची ही सगळी आखणी.

लक्षात ठेव, दिशा ही पूर्ण मार्गाची असते, तुझ्या गाडीच्या नाकाची नसते. आय-८० सॅन फ्रान्सिस्कोहून पार न्यू जर्सीत टीनेकला येतो, म्हणून तो बर्कलीत उत्तरेला चालला तरी 'ईस्ट'.

जर्सीकर_१९९८

दिशेवरून आठवलं. २०१८ पर्यंत आपल्याच राज्यात याहून अवघड प्रकार होता. फिलाडेल्फियाहून ९५ नॉर्थने निघायचं, डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत यायचं. लॉरेन्सव्हिलपाशी रूट १ लागला की ९५ संपायचा. तुम्ही वळला नाहीत, लेन बदलली नाही, काही केलं नाही, तरी पुढची पाटी '२९५ साउथ'! उत्तरेला निघालेला माणूस सरळ चालत राहिला तर दक्षिणेला कॅम्डेनच्या दिशेला लागायचा.

१९९९ च्या दिवाळीत आम्ही चार जण एका मित्राकडे फराळाला निघालो होतो. मोबाईल नव्हता, मांडीवर घडीचा नकाशा. तास-दीड तास त्या भागात फिरलो. पेट्रोल पंपावरचा म्हातारा म्हणाला, रोज दोन-तीन जण हेच विचारायला येतात. मित्राच्या बायकोने चकल्या परत गरम केल्या होत्या.

कारण असं की मधला तुकडा, सॉमरसेट फ्रीवे, बांधलाच गेला नाही. तिथल्या गावांचा विरोध होता, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो रद्द झाला. देशातला मुख्य पूर्व किनाऱ्याचा रस्ता, मायामीपासून मेनपर्यंत जाणारा, पण न्यू जर्सीत मधे तुटलेला. २२ सप्टेंबर २०१८ ला पेनसिल्व्हेनिया टर्नपाईकशी जोड उघडला तेव्हा तो पहिल्यांदा सलग झाला. जुना तुकडा आता २९५ झालाय.

डीसीची_मैना

आणि तो २९५ नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात 'ईस्ट-वेस्ट' असतो, इकडे 'नॉर्थ-साउथ'. पूल ओलांडला की दिशा बदलते. माझी बहीण तिकडे राहते, दर वेळी फोनवर याच्यावरून वाद.

आम्हाला अजून एक भोगावं लागतं. पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराला वर्षातून एकदा जातो. ७० वरून मजेत चाललेलो असतो आणि ब्रीझवुडला अचानक सिग्नल! इंटरस्टेटवर सिग्नल, दोन्ही बाजूंना पंप, बर्गर, मोटेल, ट्रकच्या रांगा. थँक्सगिव्हिंगच्या बुधवारी तिथे पाऊण तास अडकलो होतो, मागच्या सीटवर सासरे विष्णुसहस्रनाम म्हणत होते, ते दोनदा पूर्ण झालं. असं का ठेवलंय कुणी सांगेल का?

रस्तेवाला

त्या काळच्या कायद्यामुळे. केंद्राच्या पैशाने बांधलेला रस्ता टोलच्या रस्त्याला थेट जोडता येत नव्हता, अटी घातलेल्या होत्या. म्हणून ७० ला टोलच्या पेनसिल्व्हेनिया टर्नपाईकपर्यंतचं शेवटचं थोडं अंतर जुन्या रूट ३० वरून, सिग्नलमधून नेलं. पुढे नियम सैल झाले. पण तोवर तिथे सगळं गाव त्या थांबण्यावर उभं राहिलं होतं. ती वाहतूक वरून निघून गेली तर त्यांच्या दुकानांचं काय, हा प्रश्न आहेच.

घाटमाथा

सगळं खरं, पण मला वाटतं आपण रस्त्यांना फार दोष देतोय. माणसं शिस्तीने चालवत नाहीत हे खरं कारण. 'लेन संपते' अशी पाटी मैलभर आधी असते. निम्मे लोक वेळेवर शेजारच्या लेनमध्ये जाऊन रांगेत उभे राहतात. उरलेले रिकाम्या लेनमधून सुसाट पुढे जाऊन टोकाशी नाक घालतात. रेशनच्या रांगेत कुणी असं केलं असतं तर आपण खपवून घेतलं असतं का?

मृण्मयी_ह्यूस्टन

घाटमाथा, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. लेन संपत असेल आणि गर्दी असेल तर दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरून टोकाशी एक-एक करून शिरणं हीच बरोबर पद्धत आहे. झिपर मर्ज म्हणतात. मिनेसोटाचं परिवहन खातं लोकांना हेच शिकवतं. मैलभर आधी सगळे एकाच लेनमध्ये गेले तर अर्धा रस्ता रिकामा पडतो आणि रांग दुप्पट लांब होऊन मागचा एक्झिटही बंद करते. टोकाशी येणारा नियम मोडत नाही.

घाटमाथा

काम चालू असताना लेन बंद झाली तर मान्य. पण एक्झिटच्या रांगेत? तिथे लेन संपत नाहीये, तो माणूस चालत्या लेनमध्ये थांबून आत घुसू बघतोय आणि मागच्या सरळ जाणाऱ्यांनाही अडवतोय.

मृण्मयी_ह्यूस्टन

हो, एक्झिटच्या रांगेबद्दल तुमचं बरोबर आहे. ते झिपर नाही.

पण 'रस्त्यांना दोष देऊ नका' हे नाही पटत. आमचा केटी फ्रीवे बघा, आय-१०. २००८ मध्ये रुंदीकरण पुरं झालं, अडीच अब्ज डॉलरच्या वर खर्च. काही ठिकाणी बाजूचे फ्रंटेज रस्ते धरून २६ लेन! आम्ही २००९ ला केटीत घर घेतलं ते याच भरवशावर, की डाउनटाउनला पटकन पोचू. पहिली दोन वर्षं पोचलोही. मग आमच्यासारखीच हजारो कुटुंबं त्याच भरवशावर तिथे आली. आता संध्याकाळी सहाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचे लाल दिवे दिसतात, न सरकणारे. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये आकडेवारीनिशी मांडलंय की शहरांत इंटरस्टेटच्या लेन जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचा प्रवासही वाढतो.

रस्तेवाला

ते संशोधन मी मानतो. पण त्यावरून 'काहीच करू नका' असा अर्थ काढू नये. लेन वाढवणं आणि गुंता सोडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे स्प्रिंगफील्डला ९५, ३९५ आणि ४९५ भेटतात. १९९९ ते २००७ तिथे काम चाललं. मुख्य हेतू होता लांबचे आणि जवळचे प्रवासी वेगळे करणं. आता तिथे पुलांची संख्या बघून नवख्याला भीती वाटते, पण एकदा योग्य लेनमध्ये शिरलं की पुढे कुणी आपल्याला कापत नाही. दिसायला अवघड आणि चालवायला अवघड यात फरक असतो. जुनं क्लोव्हरलीफ दिसायला किती सुरेख होतं!

कर्वेनगरी

मी पुण्यात आहे, धागा वाचत होतो. हा फरक आम्हालाही कळला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवीन उड्डाणपूल आणि रँप ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. माझी आई बावधनला मावशीकडे जायला निघाली आणि मुंबईच्या रस्त्याला लागली. महिनाभर रोज कुणी ना कुणी असं जाऊन यायचं. पुढे पाट्या नीट झाल्या, डोळ्यांना सवय झाली. पूल तोच, पण पाटी दोनशे मीटर आधी हवी होती.

एलएचा_अण्णा

पाटीवरून आमच्या शहरातली गोष्ट सांगायलाच हवी. ११० वरून ५ नॉर्थला जायचा फाटा डाव्या बाजूला आहे आणि वरच्या मोठ्या पाटीवर त्याचा उल्लेखच नव्हता. रिचर्ड अँक्रम नावाचा एक चित्रकार तिथे एकदा चुकला. त्याने सरकारी मापं शोधली, रंगाची छटा जुळवली आणि स्वतः 'नॉर्थ' आणि ५ आकड्याची ढालीच्या आकाराची पाटी बनवली. ऑगस्ट २००१ मध्ये एका सकाळी रस्ताकामगारासारखं हेल्मेट आणि जाकीट घालून तो पाटीच्या सांगाड्यावर चढला आणि ती बसवून खाली उतरला. कित्येक महिने कुणाला पत्ता लागला नाही. बातमी बाहेर आल्यावर अधिकाऱ्यांनी जाऊन तपासली, नियमात बसत होती, म्हणून तशीच ठेवली. आठएक वर्षं ती तिथेच होती. नंतर जुनी पाटी बदलली तेव्हा सरकारी पाटीवर ५ नॉर्थ रीतसर आला.

मी त्या पाटीखालून शेकडो वेळा गेलो असेन. आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा इतका विचार करणाऱ्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

ओढ्याकाठी

अण्णा, सुंदर.

मालवाहू

मी न्यू जर्सीतल्या एका गोदामातून ट्रक रवाना करायचं काम बघतो. सुमेधाताई, तुम्ही ज्या फोर्ट लीतून जाता ते पुलाच्या तोंडाचं ठिकाण ट्रकवाल्यांच्या यादीत वर्षानुवर्षं देशात पहिलं. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूट ट्रकच्या जीपीएसवरून सर्वांत वाईट शंभर कोंड्यांची यादी काढते, त्यात आय-९५ आणि रूट ४ चा हा जोड सलग अनेक वर्षं एक नंबरला होता. आमचे ड्रायव्हर ब्राँक्सचा माल घेऊन पहाटे साडेचारच्या आत पूल ओलांडतात. पावणेसहानंतर कुणी सोडत नाही. त्यांच्यात एक पंजाबी सरदारजी आहेत, बावीस वर्षं हाच रस्ता. ते म्हणतात, डावीकडून दुसरी किंवा मधली लेन धर आणि कुणी हॉर्न वाजवला तरी हलू नकोस.

आणि एक विनंती, सर्वांनाच. ट्रकच्या पुढे मोकळी दिसणारी जागा त्याने ब्रेकसाठी ठेवलेली असते. तिच्यात शिरू नका.

स्वाती_आत्या

ही विनंती ठळक अक्षरांत छापायला हवी.

सुमेधा, हार्लेम रिव्हर ड्राईव्हवर पुन्हा चुकून गेलीस तर घाबरू नको, पण खाली साठाव्या रस्त्याच्या पुढे मॅनहॅटनच्या गल्ल्यांत शिरू नको. जानेवारी २०२५ पासून तिथे गर्दीचा वेगळा टोल आहे असं माझा भाचा सांगत होता.

जर्सीकर_१९९८

बरोबर आहे, पण तेवढ्या खाली ती जाणार नाही.

पाट्या वाचायच्या दोन खुणा राहिल्या. पाटीच्या डोक्यावर एक्झिट नंबरची छोटी पट्टी असते. ती उजव्या कोपऱ्यावर असेल तर एक्झिट उजवीकडे, डाव्या कोपऱ्यावर असेल तर डावीकडे. गावाचं नाव वाचायला वेळ नाही मिळाला तरी ही पट्टी लांबून दिसते. आणि पाटीच्या तळाशी पिवळा पट्टा असेल तर ती लेन बाहेरच जाणार, पुढे नाही. मंगळवारी तुझ्या लेनवर तोच पिवळा असणार.

सुमेधा, येत्या रविवारी पहाटे मी मोकळा आहे. तू चालव, मी शेजारी बसतो.

सुमेधा_नाशिक

काका, काय बोलू. घरचा पत्ता निरोपात पाठवते.

खरं सांगते, माझे सासरे गेल्या आठवड्यातच नाशिकहून आलेत. नाना एसटीत ड्रायव्हर होते, कसारा घाटातून तीस वर्षं गाडी नेली. मंगळवारची हकिगत ऐकून ते एवढंच म्हणाले की त्यांच्या डेपोत नवीन रूट मिळाला की आधी जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून दोन खेपा करायचे, मग स्टिअरिंगला हात. "तुला कुणी दोन खेपा करून दिल्या का?" असं विचारलं. मी नाही म्हटलं. आणि आज तुमचा हा निरोप. नानाही मागे बसणार आहेत.

घाटमाथा

कसारा घाटातून तीस वर्षं? नानांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासमोर रस्त्यावर मत देणार नाही!

सुमेधा_नाशिक

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितेय.

रविवारी पहाटे सव्वापाचला आम्ही तिघं निघालो. काका शेजारी, नाना मागे, मांडीवर शंभर पानी वही. दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला काका प्रत्येक फाट्याच्या आधी सांगत होते, दुसऱ्या खेपेला मुद्दाम गप्प बसले.

नानांना पाटीवरचं इंग्रजी चालत्या गाडीतून वाचता येत नाही. त्यांनी सगळं खुणांनी लिहिलंय. वहीतलं एक पान तसंच्या तसं देते:

"विमानतळ डावे हाती. इथे पाणी पिऊन घेणे, पुढे सवड नाही.
डावा फाटा घेतला. मोठे स्टेडियम डावे हाती म्हणजे बरोबर.
दोन्ही रस्ते परत मिळाले. आता बोलणे बंद.
पूल, खालचा मजला. ट्रक नाही. छप्पर आहे, घाबरू नये.
पूल संपला. रस्त्यावर बांधलेल्या चार उंच इमारती. पहिलीच्या खाली शिरण्यापूर्वी मधली लेन. चौथी जाईपर्यंत सोडू नये.
पुन्हा पाणी. लहान नदी. ब्राँक्स."

त्या चार इमारती मी महिनाभर रोज बघत होते, पण त्यांच्याकडे खूण म्हणून पाहिलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष हिरव्या पाट्यांवर. काकाही म्हणाले की इतकी वर्षं इथून जातोय, पण मोजल्या कधी नव्हत्या.

त्यानंतर सहा वेळा गेले. एकदा पावसात लोकल-एक्सप्रेसपाशी चुकीच्या बाजूला गेले, पण तीही पुलावरच गेली, फक्त वरच्या मजल्यावर. तेव्हा मालवाहूंचे सरदारजी आठवले. मधली लेन धरली, मागून दोन हॉर्न वाजले, हलले नाही. आज सहा चाळीसला लॅबमध्ये होते. डबा उघडून चहाबरोबर अर्धी दशमी खाल्ली, मग सातला काम सुरू केलं.

मालवाहू

सरदारजींना वाचून दाखवलं. फार खूश झाले. विचारताहेत, परतीच्या रस्त्याचं पान लिहिलं का? संध्याकाळी क्रॉस ब्राँक्सवरून पुलाकडे येणं याहून अवघड आहे.

सुमेधा_नाशिक

नाही लिहिलं अजून. परत येताना तासभर तरी उभीच असते, त्यामुळे चुकायला वेगच नसतो, पण फाटे आहेत खरे. नाना म्हणताहेत या रविवारी दुपारी चारला निघू. काका, जमेल का?

जर्सीकर_१९९८

जमेल. साडेतीनला तयार राहा. नानांना सांग, वही दुसरी घ्या, पहिलीतली पानं मला झेरॉक्स करून हवी आहेत. माझ्या मुलीलाही पुढच्या महिन्यात लायसन्स मिळतंय.